क्रूसाचा सदरा

मास्तरांच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्याकडे बघत. खांद्यानंतर छाती, मग कंबर, मग पायांची लांबी, आणि एवढं सगळं होऊन सवड उरलीच तर चेहरा. त्यामुळे रस्त्यात कुणी समोरून हसत आला तर मास्तर गोंधळून बघत राहत. तो पुढे गेला, पाठमोरा झाला, की मग ओळख पटे. "अरेच्चा, हा तर आपला पडक्या खांद्याचा पोस्टमन!" असं म्हणून ते मागून हाका मारत सुटत.

गल्लीत त्यांना फिटिंगमास्तर म्हणत. नाव कुणीतरी चेष्टेनं ठेवलं होतं, पण मास्तरांनी ते पदवीसारखं मिरवलं. माणूस आणि कापड यांच्यात वाऱ्यालासुद्धा वाट मिळता कामा नये, हा त्यांचा धर्म. म्हणजे खरा धर्म ख्रिस्ती, पण तो रविवारचा, रोजचा हा. बाकीचे शिंपी शिवणीच्या आत बोटभर कापड जादा सोडतात, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून सैल करायला. त्याला माया सोडणं म्हणतात. मास्तर सोडत नसत. "जादा कापड सोडायचं म्हणजे आपलं माप चुकेल असं आधीच कबूल करायचं," असं त्यांचं म्हणणं.

एकदा शाळेतल्या कारकुनाची नवीकोरी पँट भर चर्चमध्ये, गुडघे टेकताना, मागून फाटली. आवाज असा झाला की पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं घाबरून छातीवर क्रूसाची खूण केली. उपासना संपल्यावर कारकून मागे टोपी धरून तडक दुकानात आला. मास्तरांनी चष्मा चढवला, शिवण उलटसुलट तपासली आणि पँट परत त्याच्या हातात दिली. "शिवणीत काही दोष नाही. तुम्ही गुडघे जोरात टेकलेत. भक्ती जरा बेतानं करावी."

दुसऱ्या एका नवरदेवानं लग्न ठरल्यावर महिनाभर खुशीत जेवणावर हात मारला आणि कोटाची बटणं काही केल्या लागेनात. मास्तर त्याला म्हणाले, "कोट तयार आहे बाळा. तूच अजून तयार नाहीस."

तर असे मास्तर. दुकान म्हणजे लांबट खोली, दारात काचेचं कपाट, मध्ये कापायचं मोठं टेबल, आणि भिंतीला लागून शिवणयंत्रं दोन. एक मास्तरांचं. दुसऱ्यावर जुनी चादर पांघरलेली. नवखं गिऱ्हाईक त्या चादरीवर टोपी ठेवायला जाई, तेव्हा मास्तर झटकन म्हणत, "तिथे नको." का नको, ते सांगत नसत. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

ते दुसरं यंत्र धाकट्या भावाचं.

दोघे भाऊ वडिलांच्याच हाताखाली शिकले. वडीलही शिंपी. त्यांनी थोरल्याला यंत्रावर बसवलं आणि धाकट्याच्या हातात पातं दिलं. थोरल्यानं शिवायचं, चुकलं तर धाकट्यानं उसवायचं. थोरल्याचं चुके कमी, पण शिकाऊपणी चुकेच. आणि धाकटा ती शिवण अशी उसवी की कापडाला कळू नये. पात्याचं टोक टाक्याखाली घालायचा, नखानं दोरा उचलायचा, आणि फुंकर मारली की दोरा बाहेर. पुढे तोही शिवायला लागला, चांगलं शिवायला लागला, पण उसवणं त्याचंच राहिलं. मास्तरांनी उभ्या आयुष्यात स्वतःची शिवण स्वतः उसवली नाही.

मग वडील गेले. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले होते, अंग सुजलं होतं. शेवटचा कोट मास्तरांनीच शिवला, वडिलांच्या जुन्या कागदी मापावरून, रात्रभर बसून. कोट देखणा झाला. पण घातल्यावर खांद्यात असा आवळला की वडिलांचे हात छातीवर जुळेनात. जुळवले की सुटत. शेवटी कुणीतरी मनगटांना जपमाळेचे दोन वेढे दिले आणि हात जागेवर ठेवले.

धाकटा हळूच म्हणाला होता, "दादा, बाबांना खांद्यात घट्ट होतोय. पाठीची शिवण मोकळी करतो. वरून दिसणार नाही."

त्यानं खिशातून पातं काढलं. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. "माझ्या शिवणीला पातं लावायचं नाही."

"अरे, हात बघ ना त्यांचे!"

"मेलेल्या माणसाला घट्ट काय नि सैल काय!"

हे मास्तर जरा मोठ्यानं बोलले. फुलं घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी माना खाली घातल्या. धाकट्यानं पातं मिटून खिशात टाकलं. दफनभूमीतून तो परस्पर घरी गेला तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. दोन गल्ल्या सोडून त्यानं एक खोली घेतली आणि वर पाटी लावली: "कपडे सैल करून मिळतील." मास्तरांचं निम्मं गिऱ्हाईक कपडा इथे शिवून घेई आणि आठवड्यानं तिथे सैल करून घेई. आत कापड सोडलेलं नसे, म्हणून धाकटा त्याच रंगाची पट्टी शोधून अशी बेमालूम जोडी की पट्टी कुठली आणि मूळ कापड कुठलं, सांगता येऊ नये. दोन्ही भावांना हे ठाऊक होतं. दोघेही त्यावर अवाक्षर काढत नसत.

खांदा घट्ट होता, हे मास्तरांना त्याच दिवशी माहीत होतं. कोट चढवतानाच बोटांना कळलं होतं. एवढं एक वाक्य भावाला सांगायचं राहिलं होतं, आणि सात-आठ वर्षं ते राहूनच गेलं होतं.

आता मास्तरांच्या उपासांकडे येऊ.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती माणसं उपासाचे पाळतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढून घ्यायचा, माती आहेस आणि मातीला मिळशील हे ऐकून घ्यायचं, आणि मग ईस्टरपर्यंत काहीतरी सोडायचं. कुणी मांस सोडतं, कुणी दारू, कुणी चुगल्या सोडायचं ठरवतं आणि पहिल्याच आठवड्यात परत धरतं. मास्तर दरवर्षी सोडत, आणि जे सोडत ते गल्लीला ऐकू जाईल असं सोडत. एका वर्षी उशी सोडली. मान अशी आखडली की कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागे. आणि हाक मारणारा विचारणारच, "मान का हो अशी?" मग मास्तर दुःखानं, पण सविस्तर सांगत. एका वर्षी रेडिओ सोडला आणि चाळीस दिवस शेजारच्या न्हाव्याच्या दाराला टेकून उभे राहिले. न्हावी म्हणाला, "मास्तर, आत या की, खुर्चीत बसून उपास करा."

मास्तरांची बायको कमी बोलणारी होती, पण बोलली की टाचणी टोचावी तसं. "तुमचा उपास म्हणजे दुकानाची पाटी," ती म्हणे. "लांबून वाचता येते."

यंदा मास्तरांनी साखर सोडली. राखेच्या बुधवारी चर्चमधून आले ते कपाळावरची राख जराही न पुसता दिवसभर दुकानात बसले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर बिनसाखरेचा चहा मागवून तोंड वाकडं करत प्याले.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "साखर सोडलीत ते बरं केलंत. आणि ते दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

"ते."

हा प्रश्न ती दर वर्षी याच दिवशी विचारी आणि मास्तर दर वर्षी कात्रीला धार लावायला घेत. यंदाही त्यांनी कात्री घेतली. पण यंदा ती उठून गेली नाही.

"जाऊबाई भेटल्या होत्या बाजारात," ती म्हणाली. "ईस्टर झाला की दुकान बंद करून जातायत लेकीकडे. कायमचे."

"कायमचे?"

"नातवंडं सांभाळायला. दुकानातलं सामान विकायला काढलंय." एवढं बोलून ती आत गेली. कात्रीला धार होतीच. मास्तर घासत राहिले.

हे असं चाललेलं असताना फादरांनी मास्तरांना बोलावणं धाडलं.

फादर म्हातारे होते. सावकाश बोलत, आणि मधेच थांबले की समोरच्याला वाटे प्रवचन संपलं. चर्चमध्ये अशी रीत होती की उपासाचा काळ संपायला दोन आठवडे उरले की वेदीवरचा मोठा क्रूस आणि बाजूचे पुतळे जांभळ्या कापडानं झाकायचे, ते ईस्टरलाच उघडायचे. जुनी कापडं कसरीनं खाल्ली होती. फादरांनी जांभळ्या कापडाचा गठ्ठा मास्तरांपुढे ठेवला. "तीन शिवा. क्रूसाला एक, मरियामातेला एक, संत योसेफांना एक. झाकलं गेलं म्हणजे झालं."

"झाकलं गेलं म्हणजे झालं" हे वाक्य मास्तरांच्या कानात शिरलं खरं, पण आत पोचलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे तोवर तीन नवी गिऱ्हाइकं उभी राहिली होती.

दुपारच्या वेळी, चर्चमध्ये कुणी नसताना, ते शिडी आणि टेप घेऊन गेले. आधी मरियामातेसमोर उभे राहिले. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बाई, जरा सरळ उभ्या राहा." मग जीभ चावली आणि क्रूसाची खूण केली. संत योसेफांचं माप घेताना मात्र त्यांना बरं वाटलं. हा आपल्यातला माणूस, हातानं काम करणारा. "सुतार तुम्ही," मास्तर टेप ओढत म्हणाले, "खांदे असणारच भरदार. उजवा जरा खाली आलाय. रंधा मारून येतो तो." शेवटी क्रूस. शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी क्रूसावरच्या मूर्तीच्या या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत टेप लावला. हात पसरलेलं गिऱ्हाईक त्यांना पूर्वी मिळालं नव्हतं. सगळे हात खाली सोडून उभे राहतात. हे माप वेगळं होतं, अवघड होतं, आणि अवघड माप म्हटलं की मास्तरांची भूक हरपे.

पुढचे बरेच दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. मरियामातेच्या झग्याला खांद्यावर बारीक चुण्या घेतल्या. योसेफांना कमरेत किंचित आत घेतलं, पडक्या उजव्या खांद्यासाठी आतून कापडाची गादी दिली. क्रूसाला तर दोन पसरट बाह्या लावल्या, काखेत घडी पडू नये म्हणून तिथे तिरपा तुकडा बसवला. सगळीकडे बारीक, दुहेरी टीप. आणि अर्थातच आत जादा कापड सोडलं नाही.

न्हावी दारात येऊन बघून गेला. "मास्तर, माझ्या लग्नातसुद्धा इतकं चांगलं शिवलं नव्हतंत."

"तुझ्या लग्नात तू हलत होतास," मास्तर म्हणाले.

रविवारपासून झाकायचं होतं. बुधवारी मास्तर ट्रायलला गेले. पुतळ्यांना चढवून, क्रूसाच्या बाह्यांची टोकं ओढून, शिडीवरून उतरून मागे सरकले आणि त्यांचा ऊर भरून आला. एक सुरकुती नव्हती. मरियामातेची मान किती नाजूक आहे ते जांभळ्यातून जास्तच दिसत होतं. योसेफ तर लग्नाला निघाल्यासारखे.

फादर आले. बाकाला धरून उभे राहिले. नुसते बघत राहिले, म्हणून मास्तरच म्हणाले, "काखेत बघा फादर. घडी नाही."

"नाही," फादर म्हणाले. "फार सुंदर झालंय."

"तुमच्या आशीर्वादानं."

"इतकं सुंदर की काही झाकलंय असं वाटतच नाही."

मास्तरांना ही स्तुती वाटली. ते हसले. फादर हसले नाहीत, रागावलेही नव्हते. ते हळूहळू बाकावर बसले.

"मास्तर, आपण हे झाकतो कशाला, ठाऊक आहे?"

"रीत आहे."

"पोटाला उपास पटकन कळतो. डोळ्याला कळत नाही. वर्षभर रोज समोर असतं, त्यामुळे क्रूस बघून बघून लोकांना दिसेनासा होतो. म्हणून डोळ्याला उपाशी ठेवायचं. झाकलं की माणूस विचारतो, इथे काय होतं बरं? झाकलं की आठवतं." फादर थांबले. प्रवचन संपलं असं वाटून मास्तर शिडी उचलायला गेले, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आणि एक. क्रूसावर चढवण्याआधी त्यांच्या अंगावरचे कपडे उतरवले होते. तुम्ही त्यांना पुन्हा सदरा शिवलात. मापात."

मास्तर शिडी धरून तसेच उभे राहिले.

"मी काही बदला म्हणत नाही," फादर उठत म्हणाले. "लोकांना आवडेल. सगळे तुमची शिवण बघतील."

घरी येईपर्यंत मास्तरांचा राग चांगलाच तापला होता. "सुंदर आहे म्हणतात आणि वर नाक मुरडतात! झाकायचंच होतं तर पोतं टाकायचं होतं! शिंप्याला कशाला बोलावलंत?"

बायको भाजी निवडत होती. "पोतंच हवं होतं त्यांना. तुम्हाला सांगितलं असेल, तुम्ही ऐकलं नसेल."

"तूही त्यांच्याच बाजूची."

"मी भाजीच्या बाजूची," ती म्हणाली.

मास्तर दुकानात जाऊन बसले. चर्चमधून उतरवून आणलेले तिन्ही कपडे टेबलावर पसरले होते. समोर भिंतीशी ते दुसरं यंत्र, चादरीखाली. सात-आठ वर्षं रोज समोर होतं ते. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. चादरीखाली काय आहे ते त्यांना बरोबर आठवत होतं: पायडलाची डावी कड झिजलेली, चाकाला एक ओरखडा, आणि खाली खणात धाकट्याची पाती. एवढं तर त्यांना आपल्या स्वतःच्या यंत्राचंही सांगता आलं नसतं.

राग बसला, काम उरलं. सगळं उसवून, तुकडे जोडून, साधी सैल झूल करायची; कडेनं जांभळ्या पट्ट्या घातल्या तर जमेल. त्यांनी ब्लेड घेतलं आणि मरियामातेच्या खांद्यापासून सुरुवात केली. स्वतःचीच दुहेरी बारीक टीप. पहिला टाका निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याला कापड टर्रकन फाटलं. त्यांनी जागा बदलली. तिथेही फाटलं. इतकं घट्ट कुणी शिवलं, असं वैतागून त्यांच्या मनात आलं, आणि त्याचं उत्तर खोलीत दुसरं कुणीच नसल्यामुळे त्यांनाच द्यावं लागलं.

बायको दारात उभी होती. तिनं फाटलेलं बघितलं. मास्तरांची टोपी आणून टेबलावर ठेवली.

दोन गल्ल्या म्हणजे काही फार अंतर नव्हे. मास्तरांना तरी बराच वेळ लागला. वाटेत पोस्टमन भेटला, त्यानं विचारलं, "कुठे निघालात?" मास्तर म्हणाले, "इकडेच," आणि कापडाची पिशवी छातीशी धरली.

धाकट्याचं दुकान निम्मं रिकामं झालं होतं. भिंतीवर यंत्राच्या जागी फिकट चौकोन उरला होता. धाकटा खोक्यात दोऱ्याची रिळं रचत होता. त्यानं वर बघितलं, आणि हातातलं रीळ हातातच राहिलं. सुटका त्याच्या बायकोनं केली.

"अगबाई, भाऊजी! या, या. बसा. खुर्ची काल गेली, खोक्यावर बसा. मी चहा टाकते." आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत ती आत पळाली.

मास्तर खोक्यावर बसले. पिशवीतून तिन्ही कपडे काढून भावापुढे ठेवले. धाकट्यानं क्रूसाचा सदरा उलगडला, दोन्ही बाह्या पसरल्या, काखेतला तिरपा तुकडा अंगठ्यानं चाचपला.

"हे काय? कुणाचा?"

मास्तरांनी वर बोट दाखवलं.

धाकटा बघतच राहिला. मग त्याच्या गालाचा स्नायू हलला. "बटणं नाही लावलीस ती?"

"चेष्टा पुरे."

"काखेत छान बसलंय."

"फादर म्हणतात, सैल हवंय. झुलीसारखं." मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "मी उसवायला घेतलं. फाटतंय."

धाकट्यानं फाटलेला खांदा उजेडात धरला. "ओढलंस. ओढायचं नसतं." मग म्हणाला, "पण माझं यंत्र गेलं काल. टेबलही गेलं. कशावर करू?"

"आहे की तुझं. दुकानात."

"माझं?"

"झाकून ठेवलंय."

तेवढ्यात चहा आला. मास्तरांनी कप तोंडाला लावला आणि थबकले. चांगला दोन चमचे साखरेचा चहा होता. जाऊबाई पदर सावरून समोर उभी होती, इतक्या वर्षांनी दीर दारात आले या आनंदात, आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. उपासाची ती पाटी बाहेर काढायला मास्तरांना एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही. त्यांनी चहाबरोबर ते गिळलं आणि कप रिकामा करून खाली ठेवला.

"छान झालाय," ते म्हणाले.

धाकटा थोरल्याच्या मागून चालत आला. दुकानाच्या पायरीशी क्षणभर थांबला, मग चढला. चादर त्यानंच काढली. चाकाला हात लावून बघितलं, ते सहज फिरलं.

"तेल कोण घालतं?"

"घालतं कुणीतरी," मास्तर म्हणाले.

मग दोघे टेबलाच्या दोन बाजूंना बसले. आजवर मास्तर शिवत आणि धाकटा उसवे. आज शिवायला काहीच नव्हतं. धाकट्यानं खणातून एक पातं काढून भावापुढे सरकवलं. "ओढू नकोस. टाक्याखाली टोक घाल, उचल, आणि थांब. दोरा स्वतः सुटतो."

मास्तरांनी टोक घातलं, उचललं, थांबले. टाका सुटला. फार सावकाश काम होतं. घट्ट शिवायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट ते सोडवायला लागत होता. टेबलावर जांभळ्या दोऱ्यांचे बारीक तुकडे साठत गेले. बाहेर न्हाव्याच्या कात्रीचा आवाज येत होता. मास्तर योसेफांच्या उजव्या खांद्याशी आले. आत दिलेली गादी निघाली, खांदा सपाट झाला.

"खांदा घट्ट होता," मास्तर म्हणाले.

"याचा? नाही, याला तर तू..."

"बाबांचा."

धाकट्याचं पातं थांबलं. मास्तरांनी मान वर केली नाही. ते पुढच्या टाक्याखाली टोक घालत होते, पण टोक जात नव्हतं.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "चढवतानाच."

मग धाकट्यानं हातातल्या टाक्यावर फुंकर मारली, दोरा उडाला.

"डावा जास्त होता," तो म्हणाला.

"हो. डावा जास्त."

एवढंच. धाकट्यानं हात लांब करून मास्तरांचं पातं त्यांच्या बोटांत जरा तिरपं करून दिलं, आणि टोक गेलं.

शनिवारी दुपारी दोघांनी मिळून शिडी लावली. झुली चढल्या तशा नुसत्या लोंबल्या. मान दिसेना, खांदा दिसेना, कोण मरियामाता आणि कोण योसेफ ते जागेवरून ओळखायचं. क्रूस म्हणजे वेदीवर टांगलेलं एक मोठं जांभळं कापड, बाकी काही नाही. जवळ जाऊन बघितलं असतं तर जुन्या टिपेच्या सुईच्या छिद्रांची रांग दिसली असती, पण तेवढं जवळ कोण जातं? मास्तर खाली उतरून मागे सरकले. बघण्यासारखं काही नव्हतं. ते बघत राहिले. तिथे काय होतं, पसरलेल्या त्या हातांचं या टोकापासून त्या टोकापर्यंत माप किती होतं, तेच त्यांना आठवत राहिलं. हात खाली सोडून उभी राहणारी माणसं त्यांनी जन्मभर मापली होती.

फादर दारातून बघून गेले. मान हलवली.

धाकट्याचं जाणं काही रद्द झालं नाही. नातवंडं वाट बघत होती, खोक्यांना दोऱ्या बांधून झाल्या होत्या. ते चादरीखालचं यंत्र मात्र तो नेणार आहे, असं ठरलं.

जाऊबाईच्या पोटात आनंद मावला नाही. शनिवारच्या बाजारात तिनं भाजीवालीला सांगितलं, भाऊजी आले, खोक्यावर बसले, चहा प्याले, साखरेचा, नावं न ठेवता प्याले. भाजीवालीनं त्यातलं भाऊजी आले ते सोडून दिलं आणि साखर तेवढी ठेवली. रविवारी सकाळी चर्चच्या दारात न्हावी, पोस्टमन आणि तो पँट फाटलेला कारकून मास्तरांची वाटच बघत उभे होते.

"काय मास्तर," न्हावी म्हणाला, "यंदा उपास मोडला म्हणे?"

चारचौघं हसली. मास्तरांची बायको शेजारी उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. भर दारात एवढा अपमान झाला असता तर मास्तरांनी पूर्वी तासभर खुलासा केला असता: कुणाच्या घरी, कुठल्या परिस्थितीत, कुणाचं मन राखायला. सगळी कैफियत त्यांच्यापाशी तयार होती, आणि ती खरी होती.

"मोडला," मास्तर म्हणाले.

"किती?"

"दोन चमचे."

आणि टोपी काढून ते आत गेले. नेहमीच्या डाव्या बाजूच्या बाकाकडे वळणार, तोच उजव्या बाजूला पुढून चौथ्या बाकावर त्यांना एक पाठ दिसली. लोक अजून यायचे होते, बाक जवळजवळ रिकामा होता. माणूस पाठमोरा बसलेला होता, तेव्हा मास्तरांना ओळखायला वेळ लागला नाही.